रिकाम्या खुर्चीचा भाव

उड्डाणाला पाच दिवस उरले असताना विमान कंपनीचा एक ईमेल आला. मी आणि आई अशा आम्हा दोघींची इकॉनॉमी वर्गाची तिकिटे काढलेली होती, प्रवास रात्रीचा आणि सलग अकरा तासांचा होता, आणि कंपनी मोठ्या अदबीने विचारत होती की बिझनेस क्लासमध्ये बसायचे असल्यास तुम्ही वर किती रक्कम द्याल ते तुम्हीच सांगा. ईमेलमधल्या लिंकवर गेल्यावर एक आडवी पट्टी दिसली. तिच्यावरचा ठिपका डावीकडे सरकवला की रक्कम उतरे आणि खाली लाल अक्षरांत ‘शक्यता कमी’ असे उमटे. उजवीकडे नेला की रक्कम चढे, रंग आधी पिवळा होई आणि मग हिरवा. तो ठिपका मी अर्धा तास तरी इकडून तिकडे नेत बसले होते. आईच्या दोन्ही गुडघ्यांत संधिवात आहे आणि पाय खाली सोडून दोन तास बसले की तिचे घोटे सुजतात, हे मला ठाऊक होते. तिला विचारले तर ‘काही नको, मी बसेन मजेत’ एवढेच उत्तर येईल, हेही ठाऊक होते. म्हणून तिला न सांगता मी लाल आणि पिवळ्याच्या सीमेवर कुठेतरी बोली लावली, कार्डाचा क्रमांक भरला आणि लॅपटॉप मिटला.

बोली मान्य झाल्याचे उड्डाणाच्या आदल्या दिवशी कळले. त्यात नशिबाचा भाग होताच, परंतु त्याहून मोठा भाग हिशेबाचा होता, आणि तो हिशेब समजून घेण्याच्या नादात मी पुढची दोन-तीन वर्षे बरेच वाचले, थोडेफार करून पाहिले आणि एकदा चांगलीच फसलेही. महागडा प्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात कसा येतो, या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर काहीसे रूक्ष आहे: तो कोणाच्या उदारपणामुळे येत नाही, विकणाऱ्याच्या अडचणीतून येतो.

विमानातली खुर्ची हा नाशवंत माल आहे. दिवस मावळताना उरलेली भाजी विक्रेता निम्म्या भावाने काढू शकतो किंवा ओल्या फडक्याखाली उद्यासाठी राखून ठेवू शकतो. विमानाचे दार एकदा बंद झाले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते आणि ती उद्या विकता येत नाही. हॉटेलातल्या खोलीचे, जहाजावरच्या केबिनचे, रेल्वेच्या शयनयानातल्या बर्थचेही तेच आहे. उलट ती खुर्ची भरली तरी कंपनीचा वाढीव खर्च थोडाच असतो, कारण विमान, कर्मचारी आणि बहुतेक इंधन यांचा खर्च आधीच धरलेला असतो. असे असेल तर शेवटच्या दिवशी या खुर्च्या मातीमोल विकल्या जायला हव्यात. तसे होत नाही, आणि का होत नाही यातच सगळ्या व्यवहाराचे मर्म आहे. शेवटच्या दिवशी स्वस्तात मिळते हे सर्वांना कळले की एरवी पूर्ण भाडे देणारा ग्राहकही शेवटच्या दिवसाची वाट पाहत बसेल. म्हणून कंपनीला रिकामी खुर्ची विकायची तर असते, पण ज्या मार्गाने ती स्वस्त मिळते तो मार्ग पूर्ण भाडे देणाऱ्याला अनिश्चित आणि गैरसोयीचा वाटेल, याची तजवीज करावी लागते. बोलीची पट्टी, नाव झाकून विकलेली हॉटेलची खोली, प्रवासातून साठलेल्या पॉइंट्सवर मिळणारे तिकीट आणि जहाजाची आडवेळची फेरी ही सारी त्या एकाच तजविजीची रूपे आहेत.

या पद्धतीचा उगम पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा 1978 मध्ये झाला. त्यानंतर पीपल एक्सप्रेससारख्या नव्या कंपन्यांनी भाडी इतकी खाली आणली की जुन्या कंपन्यांना धडकी भरली. अमेरिकन एअरलाइन्सने 1985 मध्ये त्यावर जे उत्तर शोधले ते आज जगभरातल्या जवळजवळ प्रत्येक तिकिटात दडलेले आहे. सरसकट भाडे न उतरवता, कोणत्या विमानात किती खुर्च्या रिकाम्या जातील याचा अंदाज संगणकाकडून बांधायचा, तेवढ्याच खुर्च्या स्वस्तात काढायच्या, आणि त्याही आगाऊ तिकीट काढण्याच्या आणि पैसे परत न मिळण्याच्या अटी घालून. ऐन वेळी कामासाठी निघणाऱ्याला त्या अटी पाळता येत नाहीत, त्यामुळे तो पूर्ण भाडे देत राहतो. आजीला भेटायला जाणारा विद्यार्थी पाळू शकतो, त्याला स्वस्त तिकीट मिळते. दोघे शेजारी बसतात आणि दोघांच्या भाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पीपल एक्सप्रेसचा कारभार 1987 मध्ये आटोपला. पुढे हेच तर्कशास्त्र हॉटेलांनी उचलले, आणि 1998 मध्ये प्राइसलाइनने ‘तुमचा भाव तुम्हीच सांगा’ ही कल्पना इंटरनेटवर आणली, जिच्यात हॉटेलचे नाव पैसे भरल्यानंतरच कळत असे. नाव झाकण्याचे कारण उघड आहे. मोठ्या हॉटेलाला खोली विकायची असते, पण आपल्या नावापुढे तो भाव छापून यायला नको असतो.

तेव्हा अशा बाजारात सामान्य माणसाच्या हातातले चलन म्हणजे पैसा नसून लवचिकता असते. तारीख, वेळ, मार्ग आणि निश्चिती यांपैकी जेवढे सोडून देता येईल तेवढे दार उघडत जाते. याचे मला सर्वाधिक आवडणारे उदाहरण प्रवासी जहाजांचे आहे. मोठी जहाजे ऋतूंच्या मागे फिरतात: हिवाळ्यात कॅरिबियनमध्ये आणि उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात. त्यामुळे वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, त्यांना अटलांटिक ओलांडावाच लागतो, आणि जहाज रिकामे नेण्यापेक्षा माणसे घेऊन जाणे केव्हाही बरे. या फेरीत बंदरे मोजकी असतात, सलग बरेच दिवस चहूकडे पाणीच पाणी असते, आणि प्रवास एकमार्गी असल्याने परतीची सोय आपली आपण करावी लागते. ज्याला बंदरे पाहायची आहेत त्याच्यासाठी ही फेरी कंटाळवाणी आहे. ज्याला पुस्तके घेऊन डेकवर पडून राहायचे आहे त्याला मात्र तीच केबिन, तेच ग्रंथालय आणि तोच कर्मचारीवर्ग एरवीपेक्षा बऱ्याच कमी दररात्रीच्या भावात मिळतो.

विमानांतही असे आडमार्ग आहेत. काही कंपन्या आपल्या देशाला न शिवणारे टप्पे उडवतात. एमिरेट्सचे मिलान ते न्यूयॉर्क हे विमान त्यांपैकीच. हवाई वाहतुकीच्या परिभाषेत या हक्काला ‘पाचवे स्वातंत्र्य’ म्हणतात. त्या दोन्ही शहरांत ती कंपनी परकी असते, तिथल्या प्रवाशांना आपल्याकडे ओढण्यासाठी तिला भाडे आकर्षक ठेवावे लागते, आणि विमान मात्र तिच्या लांब पल्ल्याच्या ताफ्यातले असते. हॉटेलांचे गणित त्याहून सोपे आहे. कामकाजी शहरांतली बडी हॉटेले सोमवार ते गुरुवार भरतात आणि शनिवार-रविवारी ओस पडतात, तर समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांचे नेमके उलटे असते. खोली दिवसापुरतीही भाड्याने मिळते, हे तर मला कैक वर्षे माहीतच नव्हते. एकदा दोन विमानांमध्ये नऊ तासांचे अंतर होते, तेव्हा मी विमानतळाजवळच्या एका पंचतारांकित हॉटेलात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा अशी खोली घेतली. रात्रीच्या भाड्याच्या निम्म्याहून कमी पैशांत जाड पडदे, पांढरी कडक इस्त्रीची चादर आणि गरम पाण्याने भरलेला टब मिळाला, आणि पाच तासांची गाढ झोप मिळाली. रात्री तिथे कोण उतरणार होते कोण जाणे. त्याच्यासाठी खोली पुन्हा आवरायला हॉटेलला पुरेसा वेळ होता.

इथवर सगळे छान वाटते, पण या युक्तिवादात एक मोठी खोच आहे आणि स्वस्तातल्या ऐषआरामाचे गोडवे गाणारे तिच्याविषयी फारसे बोलत नाहीत. लवचिकता हीसुद्धा श्रीमंतीच आहे. कारखान्यातल्या पाळीवर जाणाऱ्या माणसाला, शाळेच्या सुट्ट्यांना बांधलेल्या शिक्षिकेला, रोजंदारीवर जगणाऱ्याला ‘मंगळवारी निघा, परतीचे नंतर पाहू’ असे सांगण्यात काय अर्थ आहे? त्यांना जेव्हा सुट्टी मिळते तेव्हाच सगळ्या जगाला मिळते आणि तेव्हाच भाडी आभाळाला भिडतात. त्यामुळे प्रवासातली सर्वांत मोठी चैन कोणती असे मला विचारले तर मी पगारी रजा असेच उत्तर देईन. फ्रान्समध्ये 1936 साली झालेल्या मोठ्या संपांनंतर सर्व कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा झाला, आणि त्याच उन्हाळ्यात लिओ लाग्रांज या तरुण उपमंत्र्याच्या पुढाकाराने रजेवर जाणाऱ्या कामगारांना रेल्वेच्या तिकिटात 40 टक्के सवलत मिळाली. तोवर समुद्रकाठची गावे ही पैसेवाल्यांची मिरास होती. ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता अशी कुटुंबे त्या वर्षी सायकली आणि तंबू घेऊन तिथे पोहोचली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी रजेविषयीचा आपला पहिला करारही त्याच वर्षी मंजूर केला. एखादा स्वस्त भाव हाती लागणे आणि तो वापरता येण्याजोगे आठवडे हाती असणे यांत दुसरी गोष्ट आधी यावी लागते.

स्पेनने वेगळीच वाट धरली. तिथे 1928 मध्ये ग्रेदोस पर्वतात पहिले ‘पारादोर’, म्हणजे सरकारी हॉटेल, उघडले, आणि पुढे सरकारनेच जुने किल्ले, मठ आणि राजवाडे दुरुस्त करून त्यांची हॉटेले केली. आज अशी नव्वदहून अधिक हॉटेले आहेत. हेतू पडक्या वास्तू वाचवण्याचा आणि आडगावांत पाहुणे आणण्याचा होता. पण त्याचा परिणाम असा झाला की किल्ल्याच्या बुरुजात झोपणे ही फक्त सरदार-दरकदारांची गोष्ट राहिली नाही. तरुणांसाठी आणि पंचावन्न वर्षांवरच्या पाहुण्यांसाठी तिथे वेगळे, उतरते दर असतात. सांतियागो दे कॉम्पोस्तेला इथले पारादोर तर पंधराव्या शतकाच्या शेवटी यात्रेकरूंसाठी उभारायला घेतलेले रुग्णालय होते, आणि पायी आलेल्या पहिल्या काही यात्रेकरूंना रोज फुकट जेवण देण्याची जुनी प्रथा त्या पंचतारांकित वास्तूने चालू ठेवलेली आहे. ब्रिटनमधल्या लँडमार्क ट्रस्टचे कामही याच जातकुळीचे. 1965 मध्ये स्थापन झालेली ही संस्था मोडकळीला आलेल्या ऐतिहासिक इमारती दुरुस्त करून सुट्टीसाठी भाड्याने देते. भाडे माणशी नसते, संपूर्ण इमारतीचे असते. त्यामुळे एका जोडप्याला जो आकडा डोळे पांढरे करणारा वाटतो तोच दहा जणांत वाटला की साध्या हॉटेलच्या पातळीवर येतो. दहा जणांनी एकाच आठवड्यात रजा मिळवणे आणि स्नानगृहाच्या रांगेवरून न भांडणे हा त्यातला खरा अवघड भाग.

स्नानगृहावरून आठवले. आज कोणत्याही बऱ्या हॉटेलात खोलीला जोडून स्नानगृह असते आणि आपण त्याची दखलही घेत नाही. पॅरिसमध्ये 1898 साली सेझार रिट्झ यांनी आपले हॉटेल उघडले तेव्हा खोलीगणिक स्नानगृह ही राजेरजवाड्यांनी नवल करण्याची गोष्ट होती. त्यानंतर दहाच वर्षांनी, 1908 मध्ये, अमेरिकेतल्या बफेलो शहरात एल्सवर्थ स्टॅटलर यांच्या हॉटेलाने ‘दीड डॉलरमध्ये खोली आणि स्नानगृह’ अशी जाहिरात केली. हे जमले कसे, तर स्नानगृहे पाठीला पाठ लावून आणि मजल्यागणिक एकावर एक रचली गेली, आणि अशा प्रत्येक उभ्या रांगेचे नळ एकाच पोकळीतून नेले गेले. नळ टाकण्याचा खर्च घटला, दुरुस्ती सोपी झाली आणि फिरत्या विक्रेत्यांना रिट्झच्या पाहुण्यांची एक सोय मिळू लागली. सूट, बोली, पॉइंट्स यांतले काही त्यात नव्हते. एका माणसाने नळांचा विचार नीट केला होता. आजच्या विमानांत आणि गाड्यांत असा विचार अधूनमधून दिसतो. ब्रिटिश एअरवेजने 2000 साली बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवी होणारी खुर्ची आणली, तीही दोन प्रवाशांची तोंडे एकमेकांविरुद्ध दिशांना ठेवून, कारण खांदे रुंद आणि पाय अरुंद असल्याने तशा रचनेत तेवढ्याच जागेत जास्त बिछाने बसतात. ऑस्ट्रियाच्या रेल्वेने 2023 च्या डिसेंबरमध्ये नव्या नाइटजेट गाड्या सुरू केल्या, आणि त्यांत एकट्या प्रवाशाला सरकते दार लावून निजता येईल अशा लहान कुपी आहेत. पूर्वी एकट्याला असा एकांत हवा तर शयनयानाची पूर्ण खोली घ्यावी लागे. माझ्या मते दहा सवलतींपेक्षा अशी एक कुपी जास्त मोलाची आहे, कारण सवलत संपते आणि कुपी डब्यात राहते.

ऐषआराम म्हणून जे विकले जाते त्यात नेमके काय काय बांधलेले असते, हे सुटे करून पाहण्याची सवय मला एका रेल्वेने लावली. स्वित्झर्लंडमधून आल्प्स ओलांडून इटलीतल्या तिरानोपर्यंत जाणारी बर्निना एक्सप्रेस जगप्रसिद्ध आहे. छतापर्यंत चढलेल्या काचा, लाल डबे, 196 पूल आणि 55 बोगदे. या मार्गाचा आल्बुला आणि बर्निना हा भाग 2008 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. तिच्यात बसायचे तर तिकिटाखेरीज आरक्षणाचे वेगळे पैसे मोजावे लागतात. पण त्याच रुळांवरून साध्या लोकल गाड्याही दिवसभर धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही. त्याही 65 मीटर उंचीच्या लांडवासर पुलावरून वळण घेत सरळ कड्यातल्या बोगद्यात शिरतात, त्याही हिमनदीसमोरून जातात, आणि त्यांच्या अनेक डब्यांच्या खिडक्या उघडता येतात. मी लोकलने गेले. एक डबा जवळजवळ रिकामा होता. खिडकी खाली ओढून मी बाहेर पाहिले तेव्हा बर्फाचा वास असलेली हवा थेट तोंडावर आली आणि वळणावर आमच्याच गाडीचे इंजिन समोर दिसले. मागून आलेल्या एक्सप्रेसमधले प्रवासी काचेवर मोबाइल टेकवून, स्वतःचेच प्रतिबिंब टाळण्याची खटपट करत फोटो काढत होते. आरामशीर खुर्ची, ठरलेली जागा आणि गाडी न बदलण्याची सोय त्यांना मिळत होती, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाने ते पैसे जरूर द्यावेत. डोंगर मात्र दोन्ही गाड्यांना सारखाच होता.

व्हिएन्नाच्या ऑपेरागृहात उभ्याने ऐकण्याच्या जागा असतात, त्यांचाही न्याय हाच. चांगल्या खुर्चीच्या भाड्याच्या काही अंशात त्या मिळतात, त्यांतल्या काही तर उत्तम खुर्च्यांच्या लगेच मागे असतात, आणि समोरच्या कठड्याला रुमाल बांधून आपली जागा राखण्याचा तिथे रिवाज आहे. पाय दुखतात, आवाजात काही फरक पडत नाही. न्यूयॉर्कच्या बंदरातली स्टॅटन आयलंड फेरी 1997 पासून पायी प्रवाशांना फुकट आहे आणि स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासमोरून जाते, तर त्याच पाण्यात संध्याकाळच्या सजवलेल्या नौका भरपूर पैसे घेऊन तेच दाखवतात. तेव्हा काही विकत घेण्याआधी मी हल्ली स्वतःला विचारते की यातले मला हवे काय आहे: पाठ आडवी करणे, शांतता, एखादे दृश्य, की कुणीतरी नावाने हाक मारून स्वागत करणे? शेवटचेही हवेसे वाटू शकते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त ते कशाच्या भावात येते आहे हे कळलेले बरे.

आता माझ्या फसगतीविषयी. एका सुट्टीच्या ठिकाणी हॉटेलच्या दिवाणखान्यात एक हसतमुख तरुणी भेटली आणि म्हणाली की आमच्या नव्या रिसॉर्टमध्ये दोन रात्री फुकट राहा, अट एवढीच की दीड तासाची माहिती ऐकायची. ‘महागड्या हॉटेलांचा आनंद सर्वांना’ अशी त्यांची घोषणा होती आणि ती मला मनापासून पटली. दीड तासाचे साडेतीन तास झाले. आधी एक मृदू बोलणारे गृहस्थ आले, मग त्यांचे वरिष्ठ, आणि शेवटी एक जण असे आले की ज्यांनी कागदावर आकडे लिहून त्यावर रेघा ओढत भाव तीन वेळा उतरवला आणि प्रत्येक वेळी हा भाव फक्त आजच आहे असे बजावले. रिसॉर्टमध्ये वर्षातला एक आठवडा राहण्याचा हक्क, आयुष्यभर, असा तो सौदा होता. मी तिथे सही केली नाही हे खरे, पण कंटाळून ‘राखीव रक्कम’ म्हणून जी दिली ती परत मिळवायला चार महिने आणि असंख्य फोन लागले. घरी येऊन कागद वाचले तेव्हा लक्षात आले की वार्षिक देखभाल शुल्क दर वर्षी वाढवण्याचा हक्क कंपनीकडे होता, आठवडा आपला असला तरी हवी ती तारीख मिळण्याची हमी नव्हती, आणि पुढे नको झाला तर तो घेणारा शोधण्याची जबाबदारी सर्वस्वी माझी होती. इथे रिकाम्या खोलीचा धोका कंपनीने पाहुण्याच्या गळ्यात घातला होता, तोही आयुष्यभरासाठी. रिकामी खुर्ची ही विकणाऱ्याची अडचण असते तोवरच ती आपल्याला स्वस्त पडते, हे मला त्या दिवशी पुरते कळले.

पॉइंट्सचे प्रकरण त्यापेक्षा सौम्य असले तरी त्याच कुळातले आहे. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मध्ये आपली मैल, म्हणजे प्रवासाचे पॉइंट्स, साठवण्याची योजना सुरू केली, इतर कंपन्या लगोलग तिच्या मागे गेल्या, आणि पुढे क्रेडिट कार्डांशी सांगड घातली गेल्यावर विमानात न बसताही मैल साठू लागले. नीट वापरले तर यातून खरोखरच बिझनेस क्लासचे तिकीट निघते. माझ्या परिचयातल्या एका जोडप्याने तसे काढलेही आहे. परंतु हे असे नाणे आहे की ज्याची टांकसाळ आणि विनिमयाचा दर दोन्ही कंपनीच्या हाती असतात. आज जेवढ्या मैलांत तिकीट मिळते तेवढ्यात पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही, त्यामुळे साठवून ठेवण्यापेक्षा खर्चून टाकणेच शहाणपणाचे. आणि कार्डाचे बिल महिन्याच्या महिन्याला पूर्ण फेडले नाही तर व्याजाची रक्कम त्या फुकटच्या तिकिटाला केव्हाच गिळून टाकते. फेडणारा प्रवास करतो, न फेडणारा त्याचे भाडे भरतो. माझा या योजनांवर राग नाही, पण त्यांना ‘सर्वांसाठी’ म्हणणे मला जड जाते.

पुन्हा त्या रात्रीकडे येते. आईला मी खरे काय ते विमानाच्या दारात सांगितले, तेही तिला डावीकडे, बिझनेस क्लासच्या बाजूला, वळायला सांगण्यापुरते. ती बसली, आजूबाजूला पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, “किती दिलेस?” मी निम्मा आकडा सांगितला. तोही तिला जास्तच वाटला. खुर्ची आडवी करण्याची बटणे दोघींनाही उमगेनात. एकदा तिचे डोके वर गेले आणि पाय जागेवरच राहिले, तेव्हा पलीकडच्या ओळीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी उठून येऊन न बोलता योग्य बटण दाबून दिले. मग परिचारिकेने पातळ गादी अंथरली, आईने आपली शाल त्यावरच्या दुलईवरून घेतली आणि ती कुशीवर वळली. चांदीच्या कडेचे मेनूकार्ड, सुगंधी टॉवेल, मोठा पडदा, कशातच तिने रस घेतला नाही. सलग सहा तास ती झोपली. उतरण्याआधी मी वाकून तिचे घोटे पाहिले. मोज्यांच्या रबराची फिकट खूण होती, सूज नव्हती. मी जे विकत घेतले होते ते एवढेच होते आणि पुरेसे होते.

परतीच्या प्रवासासाठीही मी बोली लावली, या वेळी पट्टी जरा जास्त हिरवी करून. ती नाकारली गेली. विमान भरलेले होते. आईला मी कडेची खुर्ची मिळवून दिली, दर तासाला तिला उठवून मागच्या स्वयंपाककक्षापर्यंत चालवत नेले, आणि माझी बॅग तिच्या पायांखाली दिली. तरी घोटे सुजलेच. घरी आल्यावर दोन दिवस ती पाय उशीवर ठेवून होती आणि मी काही विचारले की हात झटकून विषय बदलत होती. आता आमचा पुढचा प्रवास ठरला आहे, तिकिटे काढून तीन आठवडे झाले आहेत, आणि पैशांची उधळपट्टी नको असे आयुष्यभर सांगत आलेली आई परवा भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न पाहता म्हणाली, “तो पट्टीवाला ईमेल आला का गं?”